गडग्यावर वाळणाऱ्या नळ्या

जना, पहिली बातमी ही की तुझा लाडोबा जिवंत आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तू असतास तर घरात पाऊल टाकल्या टाकल्या हेच विचारलं असतंस. माणसांची चौकशी मागाहून. मुंबईला गेलास आणि परत येताना मांडव्याला उतरलास की तुझा फोन यायचा, तोसुद्धा "वहिनी, पडवीची खिडकी लावलीस ना?" असा. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. मेल्या, आता तरी एकदा विचार.

दुपार झालीय. तुझा दादा जेवून आडवा झालाय. खाडीवरून वारा येतोय आणि खळ्यावर बारीक कोलंबीसारखा जवळा वाळत पसरलाय, यंदाचा शेवटचा. या वेळेला मला एक डुलकी लागतेच, आणि हल्ली त्या डुलकीत खळ्याच्या कडेच्या दगडी गडग्यावर काच वाजते. तू धुतलेल्या नळ्या एकेक करून चिऱ्यांवर ठेवायचास ना, तसा आवाज. मी डोळे न उघडताच म्हणते, "जना, तिथे नको रे ठेवूस, जवळ्याची धूळ उडते." तू नेहमीसारखा काहीच बोलत नाहीस. मग मी डोळे उघडते. ऊन इतकं पांढरं असतं की खळं, खाडी आणि पलीकडचा डोंगर सगळं पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं. गडग्यावर काही नसतं. एखाद दिवशी मांजर असते.

भेटायला येणारे विचारतात, तुमचे दीर नक्की करायचे काय? मी सांगते, बुरशी पाळायचे. लोक आधी हसतात, मग कुणाच्या मयताला आलोय ते आठवून चहाचा कप तोंडाला लावतात. तुला मजा वाटली असती. खरं तर मी त्यांना नीट सांगायला हवं. मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तू सगळी नोकरी बुरशीचे वाण जिवंत ठेवण्यात घालवलीस. दुसऱ्यांनी शोधलेले, दुसऱ्यांच्या नावाचे. जुनी नळी सुकायला आली की सुईच्या टोकाने उचलून नव्या नळीत लावायचं, चिठ्ठी चिकटवायची, पुढची नळी घ्यायची. तू म्हणायचास, "वहिनी, मी पाळणाघर चालवतो. पोरं सगळी लोकांची."

पण याची सुरुवात माझ्यापासून झाली, हे तू कधी कबूल केलं नाहीस. मी लग्न होऊन रेवदंड्यात आले तेव्हा तू शाळेत होतास. फडताळात विसरलेल्या पावावर नारिंगी भुकटी धरली होती, शेंदरासारखी. सासूबाई तो पाव उकिरड्यावर टाकायला निघाल्या. मी नवी नवरी, तोंड उघडायची चोरी, तरी म्हटलं, "थांबा हो आई, जनाला बघू दे." विज्ञानाची पदवी अंगात मुरली नव्हती अजून, सगळं सगळ्यांना दाखवत सुटायचे. तू पावाला नाक लावलंस, भुकटी नाकात गेली, शिंकलास, आणि पुन्हा नाक लावलंस. सासूबाई म्हणाल्या, "सून आणली का येडी आणली?" मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, ढीगभर पोरं हाताखालून गेली. पण परत नाक लावणारा तू एकच.

निवृत्त झालास आणि त्याच नारिंगी बुरशीचे थोडे वाण घेऊन घरी आलास. जेवणाच्या डब्यात नळ्या, नळ्यांभोवती लुंगी, आणि डबा बोटीत मांडीवर. तुझा दादा न्यायला आला होता. त्याला वाटलं, भावाने मुंबईहून मिठाई आणली. रिक्षात बसल्या बसल्या त्याने डबा उघडला, आणि तू असा ओरडलास की रिक्षावाल्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ही गोष्ट दादाने दहाव्यालाही सांगितली. सांगताना हसला आणि मग टॉवेल तोंडावर घेऊन बसला.

पडवीची तू प्रयोगशाळा केलीस. माझा मोठा कुकर पळवलास, नळ्या निर्जंतुक करायला. एक जुनं भिंग, एक सूक्ष्मदर्शक, आणि मांडणीवर ओळीने नळ्या. त्यातली एक तुझी लाडकी. तो लाडोबा. नाव मीच ठेवलं, कारण त्याला भरवावं लागायचं. साधी बुरशी साखरेवर, थोड्या क्षारांवर आणि चिमूटभर जीवनसत्त्वावर जगते, बाकी सगळं स्वतःच्या पोटात तयार करते. हा मात्र प्रोलीन नावाचं एक अमिनो आम्ल तयार करू शकत नव्हता. त्याच्या एका जनुकात बिघाड होता, जन्माचा. बाहेरून प्रोलीन घातलं तर वाढायचा, नाही घातलं तर तसाच बसून राहायचा, मुकाट. मी म्हणायचे, "अगदी दिरावर गेलाय. ताट पुढ्यात आणून ठेवलं तरच जेवतो."

कारण तुझंही तेच होतं, जना. "जेवायला ये" म्हटलं की "आलो" म्हणायचास आणि यायचास नाही. मी ताट झाकून पडवीच्या उंबऱ्यावर ठेवायचे. संध्याकाळी ताट धुतलेलं परत यायचं. यावर कधी एक शब्द नाही. उलट पाहुण्यांसमोर छाती काढून सांगायचास, "मी एकटा बरा. मला कुणाचं काही लागत नाही." मी आत भाकरी थापत असायचे. हसू दाबताना माझी भाकरी फाटायची.

आणि मग हिवाळ्यात एका सकाळी तू ओरडलास. "वहिनी! वहिनी गं!" मला वाटलं साप निघाला. हातातलं तसंच टाकून धावले तर तू नळी उजेडात धरून उभा. प्रोलीन न घातलेली नळी. आणि आत लाडोबा वाढलेला. विरळ, फिकट, पण वाढलेला. तुझे डोळे भरून आले होते. "बघ," म्हणालास, "उभा राहिला स्वतःच्या पायावर."

मी नळी बघितली, तुझ्याकडे बघितलं, आणि माझी नजर गेली खिडकीतून गडग्याकडे. तिथे तुझ्या धुतलेल्या नळ्या तोंडं उघडी ठेवून वाळत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे हातभर अंतरावर माझा जवळा. जवळा परतायला मी खराटा फिरवला की बारीक भुकटी उडते, आपल्या ताटात, केसांत, देवघरात सगळीकडे बसते. आपल्या घरात ती कुणाला दिसतच नाही. जन्मापासून नाकात असलेला वास कुणाला येतो? मुंबईतल्या प्रयोगशाळेत असा घोटाळा कधी झाला नसता. तो कोळ्याच्याच घरी व्हायचा.

"जना," मी म्हटलं, "हा जवळा खातोय."

तू असं बघितलंस माझ्याकडे, जसं काही मी तुझ्या पोराला चोर म्हटलं.

"नळ्या कुकरमधून काढल्यात मी," तू म्हणालास. "निर्जंतुक हायेत."

"कुकरमध्ये जंतू मरतात रे, जवळ्याची चव मरत नाही. मरत असती तर तुझ्या दादाने माझा जवळा कधी खाल्लाच नसता. आणि ती गोडी कसली असते? तूच शिकवलंयस मला, त्यात प्रोलीन असतं म्हणून."

चिडलास की तुझी मुंबईची भाषा गळून पडायची. "न्हाय! जवळा न्हाय! त्यानं दुसरी वाट काढलीय." आणि मग दुपारभर मला ती दुसरी वाट समजावत बसलास. बुरशीच्या पोटात ऑर्निथिन नावाचा एक माल असतो. त्याचं पुढे आर्जिनीन बनतं, ते दुसरं अमिनो आम्ल. ती वाट कुठे अडली, तिथल्या जनुकातही बिघाड झाला, तर ऑर्निथिन साचतं, आणि साचलेलं आडवाटेने प्रोलीनकडे वळतं. मला कळेना तेव्हा म्हणालास, "बंदरावर ट्रक आला नाही की काय होतं? ताजी मासळी पडून राहते, मग ती येते खळ्यावर, आणि सुकट होते. ट्रक चुकला म्हणून घरात सुकट आली. तसंच. लाडोबात आता दोन बिघाड आहेत, वहिनी. दुसऱ्याने पहिल्याला सांभाळून घेतलंय."

इतकं सुंदर बोललास की मला क्षणभर वाटलं, असेलही. असं खरोखर होतं, बुरशीत ते माणसांनी पाहिलेलं आहे, हेही तू सांगितलंस. पण तुझ्या लाडोबात तेच झालं होतं का? तू म्हणालास, "उभी हयात लोकांची पोरं सांभाळली. हे एक माझं आहे." त्यावर मी काय बोलणार होते? तरी बोललेच. माझी जीभ काय गप्प बसते? "तुझं असू दे रे बाबा. पण नळ्या घरात वाळव आणि पुन्हा बघ." तू ऐकलं नाहीस. पालथ्या घड्यावर पाणी.

मग आपलं ठरलं ते संकराचं. लाडोबाचं लग्न लावायचं एका धडधाकट रानटी बुरशीशी, आणि पोरं बघायची. लाडोबात फक्त जुनाच बिघाड असेल तर साधारण अर्धी पोरं प्रोलीनवाचून उपाशी राहतील. दुसरी वाट खरी असेल तर त्या अर्ध्यांतल्याही निम्म्यांना ती वाट मिळेल, आणि उपाशी राहतील ती पाव हिश्श्याच्या आसपास. "अर्धी उपाशी तर तुझं खरं," तू म्हणालास, "पाव उपाशी तर माझं. आणि जो हरेल त्यानं दादासमोर मोठ्यांदा बोलायचं, तुझं खरं म्हणून." मी पदर खोचला. लग्न होऊन आल्यापासून तुझ्या तोंडून हे दोन शब्द ऐकायची मला हौस होती. कशावरही. मिठावरसुद्धा.

ती सोयरीक शोधायला आपण आतल्या गावात गेलो होतो, आठवतं? शिमगा होऊन गेला होता. भातशेतीवाल्यांनी राब भाजले होते. पालापाचोळा, शेण, डहाळ्यांची कवळं रचून पेटवलेले काळे चौकोन, आणि अवेळी एक सर येऊन गेलेली. त्या राखेतल्या अर्धवट जळक्या काटक्यांवर नारिंगी ठिपके आले होते. तू त्या काळ्या जमिनीवर फतकल मारून बसलास, पांढऱ्या लेंग्याने. शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला. "काय हरवलंय काय?"

"बुरशी बघतोय."

"ती काय, न्या की भरून. तिला कोन इचारतोय!"

तेव्हा तू मला सांगितलंस, की हिचं बी राखेखाली वर्षानुवर्षं झोपून राहतं. पाऊस पडला तरी उठत नाही, वारा सुटला तरी नाही. आग अंगावरून गेली की मगच जागं होतं. सगळीकडे धुरकट ऊन होतं, माळावर कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या, आणि तू राखेत बसून झोपलेल्या बियांबद्दल इतक्या हळू बोलत होतास, जसं मोठ्याने बोललं तर ती उठतील. मला अजून ते स्वप्नात घडल्यासारखं वाटतं. दादाला विचारलं तर तो म्हणतो, "धुवायला लेंगा टाकलान व्हता ना, मग खरंच गेले व्हता."

तू संकर लावलास. नळीत हळूहळू काळे कण धरले, मोहरीपेक्षा बारीक. त्यातून बी उडून काचेवर चिकटायला लागलं. "पिकू दे," म्हणालास. "घाई नको." आणि एका सकाळी मी चहा घेऊन आले तर तू खुर्चीत बसलेला, भिंग मांडीवर, मान जरा खिडकीकडे. मी म्हटलं, "चहा निवतोय." पुन्हा म्हटलं. अरे, मला वाटलं तू नेहमीसारखाच उत्तर देत नाहीयेस. तुझ्या त्या सवयीने मला शेवटीसुद्धा फसवलं.

दहाव्याला कावळा शिवेना. सगळे समुद्राकडे तोंड करून उभे, ऊन चढलेलं. दादा म्हणाला, "जना, होडीला तुझा नाव देतंय." कावळा नाही. कुणी म्हणालं काशीला जाऊ, कुणी म्हणालं दान देऊ. कावळा आपला माडावर बसून. मी विज्ञान शिकवलेली बाई, माझा यावर विश्वास नाही. पण पाय आपोआप पुढे गेले. म्हटलं, "जना, तुझा संकर मी पुरा करते. जे निघेल ते खरं खरं सांगते, तुझ्या मनासारखं नाही, खरं." आणि आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय. शिवाय पिंडाशेजारी जवळा होता. पण शब्द दिला तो दिला. सगळ्यांच्या देखत.

मग तुझ्या खुर्चीत बसले. अलिबागेहून दादाने कोऱ्या नळ्या आणल्या. त्या मी स्वयंपाकघरात धुतल्या, खिडक्या लावून, गॅसच्या धगीवर कोरड्या केल्या, झाकून ठेवल्या. एकेक बी भिंगाखाली सुईने उचलायचं, प्रोलीन न घातलेल्या एकेका नळीत ठेवायचं. सुटलं की पुन्हा उचलायचं. मग पातेल्यात पाणी तापवलं, बोट बुडवलं तर चटका बसेल पण उकळणार नाही इतपत, आणि त्यात नळ्या उभ्या केल्या. ही तुझ्या झोपलेल्या बियांची आग. पाण्यातून वाफ निघत होती, आणि मी गॅससमोर उभी राहून, जना, हात जोडले. मनात म्हटलं, पाव निघू दे. पाव हिस्सा उपाशी निघू दे. त्याचं खरं निघू दे. इतके महिने तुझ्याशी भांडले, आणि आता तुझ्या बाजूने देवाला साकडं घालत होते. मला हरायचं होतं रे.

काही नळ्या नारिंगी झाल्या. बाकीच्या तशाच. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या, चष्मा पुसून पुन्हा. मग पदराने तोंड पुसलं. जवळजवळ अर्ध्या.

तरी मी घाई केली नाही, तुझीच शिकवण. बी मेलेलं आहे की उपाशी, हे खायला घातल्याशिवाय कळत नाही. मूठभर जवळा उकळला, पाणी फडक्यातून गाळलं, कुकरमधून काढलं, आणि थेंब थेंब त्या उपाशी नळ्यांत सोडलं. तुझ्या बाटलीतलं प्रोलीन नाही, आपल्या खळ्यावरचा जवळा. एक दिवस काही नाही. मग काचेवर धुकं धरल्यासारखं झालं, आणि मग नारिंगी. एकेक करून उठली सगळी पोरं. अगदी जेवायला वाढल्यासारखी.

मी दादाला हाक मारली. तो पडवीत आला, नळ्यांच्या ओळीकडे बघत राहिला. त्याला पाव आणि अर्धं यातलं काही कळत नाही, पण पैज ठाऊक होती. तो म्हणाला, "म्हंजी तुजंच खरं व्हय."

आणि मी त्याच्यावर खेकसले. "तुम्ही कशाला बोलता? तुम्ही नाही बोलायचं! त्याने बोलायचं होतं!" बिचारा घाबरला. मग मी रडले, जना. तू गेल्यापासून घर भरलेलं होतं, चहा, चटया, पाहुणे, मला सवड झाली नव्हती. त्या दिवशी रडले. एवढं भांडण जिंकले आणि समोर कुणी नाही.

तर शब्द दिला होता, म्हणून सांगते. दुसरी वाट नव्हती, जना. लाडोबा स्वतःच्या पायावर उभा राहिला नव्हता. मी दुपारी खराटा फिरवायचे, आणि तो इथल्या वाऱ्यावर जेवत होता. त्याला कोण वाढतंय हे त्याला कळलं नाही, आणि तुलाही नाही. तू आपला सांगत राहिलास, कुणाचं काही लागत नाही. बरं असो. मला कधी ताट ठेवायचा कंटाळा आला नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं. आणि ती धुतलेली ताटं परत यायची ना, ती मी उगाच पुन्हा एकदा धुवायचे, तुझं म्हणून.

अर्धी पोरं त्या रानटीवर गेली, धडधाकट. अर्धी लाडोबावर गेली. सगळी मांडणीवर आहेत. मी शिकलेय नळी बदलायला. दादाने पडवीला पत्र्याऐवजी कौलं घालायचं काढलंय, त्यांना ऊन लागतं म्हणे. आता तोच त्यांना पोरं म्हणतो.

आणि आज सकाळी मी तुझ्या जुन्या नळ्या धुतल्या. स्वयंपाकघरात वाळवायच्या, खिडकी लावून, झाकून. मलाच तर माहीत आहे. एवढं भांडले त्यासाठी. पण बाहेर वारा छान होता, जवळा नुकता परतला होता. मी नळ्या उचलल्या आणि गडग्यावर ठेवल्या, एकेक, तोंडं उघडी ठेवून, खळ्याच्या बाजूला.